अर्धवट जहाजांच्या बाजूने

परवा दुपारी जरा लवंडलो होतो, तेवढ्यात एका मित्राचा फोन आला. "जहाजाचं किट कुणाला हवंय का बघ रे. फुकट देतो. माझ्याच्यानं आता होत नाही." मी विचारलं, "कुठवर आलंय?" म्हणाला, "फळ्यांपर्यंत."

पुढचं काही विचारायची गरजच नव्हती. शिडाच्या जहाजांची लाकडी मॉडेलं करणारे आपण सगळे या 'फळ्यांपर्यंत'ला चांगले ओळखून आहोत. खोकं उघडल्यानंतरचे पहिले दिवस काय मजेत जातात! कणा उभा राहतो, आडव्या चौकटी खाचांत टकाटक बसतात आणि बघता बघता टेबलावर माशाच्या काट्यासारखा सांगाडा तयार होतो. घरचे येता-जाता कौतुक करतात. मग फळ्या म्हणून लावायच्या लाकडी पट्ट्यांची जुडी सुटते, आणि इथून पुढे कौतुक बंद.

पोटाच्या भागात पट्ट्या निमूट बसतात. खरा तमाशा नाळेपाशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी. मधल्या चौकटीची कड लांबलचक, पुढच्या चौकटीची आखूड, आणि पट्ट्या मात्र दोन्हीकडे तितक्याच. जागा कमी, मंडळी तेवढीच. म्हणून प्रत्येक पट्टी पुढच्या टोकाकडे निमुळती करावी लागते. न करता तशीच रेटली की ती शेजारणीच्या अंगावर चढते. मागच्या बाजूला पुन्हा उलटाच प्रकार. तिथे फटी रुंदावत जातात आणि पाचरीसारखे तुकडे घालून त्या भरून काढाव्या लागतात. त्याच्याही आधी चौकटींच्या कडा तिरक्या घासायच्या असतात. हे काम अतिशय कंटाळवाणं, त्यामुळे बहुतेकजण ते टाळतात. मग पट्टी चौकटीच्या एकाच कोपऱ्यावर टेकते आणि गम धरतच नाही.

पट्टी गरम पाण्यात भिजवून हळूहळू वाकवताना ती तडकायच्या बेताला आली की एक बारीकसा आवाज करते. कानाला तो कळायला लागला की समजावं, हात बसला. कुठल्याही सूचनापत्रात हा आवाज लिहिलेला नसतो.

मित्राचं खरं दुखणं वेगळंच निघालं. पट्ट्या बसल्या होत्या, पण डावी बाजू आणि उजवी बाजू जुळत नव्हती. त्याने एका बाजूच्या सगळ्या पट्ट्या ओळीने लावून टाकल्या होत्या, त्यामुळे सांगाड्याला पीळ बसला. (एक पट्टी इकडे, एक तिकडे, हे सगळ्यांना माहीत असतं आणि एकदा हात चालायला लागला की कुणाच्याच लक्षात राहत नाही.) त्याला मी 'वासा'ची गोष्ट सांगितली. स्वीडनच्या राजाची ही युद्धनौका १० ऑगस्ट १६२८ रोजी स्टॉकहोमच्या बंदरातून निघाली आणि दीड किलोमीटरसुद्धा न जाता बुडाली. १९६१ मध्ये ती वर काढली. मोजमापं घेतली तेव्हा दिसलं की तिच्याही दोन बाजू सारख्या नाहीत. सुतारांच्या मोजपट्ट्याही सापडल्या. काही स्वीडिश फुटाच्या, काही आम्स्टरडॅमच्या फुटाच्या, आणि हे दोन फूट सारखे नव्हते! राजाच्या पदरचे सुतार जिथे जुळवू शकले नाहीत, तिथे तू रविवारी दुपारी बसून काय जुळवणार?

"अरे, पण ती बुडाली ना," मित्र म्हणाला.

बुडाली, पण ती मुख्यतः वरून जड होती म्हणून. आणि आपल्याला आपलं जहाज पाण्यात सोडायचंय कुठे? शिवाय त्याच्या किटमध्ये फळ्यांचे दोन थर होते. पहिला थर भरपूर घासायचा, खड्ड्यांत लांबी (पुटी) भरायची आणि वरून चांगल्या लाकडाचा पातळ थर चढवायचा. पहिला थर चुका जिरवायलाच असतो. किट परत माळ्यावर ठेव, पण देऊ नकोस, असं सांगून मी फोन ठेवला.

झोप उडालीच होती. पडल्या पडल्या लहानपणी पाहिलेलं बाटलीतलं जहाज आठवलं. एका नातेवाइकांच्या दिवाणखान्यात ते आडव्या बाटलीत होतं, तीन डोलकाठ्यांचं, आणि बाटलीचं तोंड माझा अंगठा जेमतेम जाईल एवढं. हे आत कसं गेलं, असं मी विचारलं. घरातले काका गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "लहान होतं तेव्हा आत गेलं. मग वाढलं." मला ते शंभर टक्के पटलं. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा किती वाढलंय ते पाहायला मी आधी बाटलीकडेच धावलो होतो. डोलकाठ्यांना बुडाशी बिजागरी असते, त्या आडव्या पाडून जहाज आत सरकवतात आणि मग बाहेरून दोरा ओढला की सगळ्या एकदम उभ्या राहतात, हे फार नंतर कळलं. कळल्यावर थोडं वाईटच वाटलं. काकांची युक्ती जास्त चांगली होती.

अर्धवट जहाजांबद्दल बोलत होतो. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडच्या आरमारासाठी जी मॉडेलं बनली, 'नेव्ही बोर्ड मॉडेल' म्हणतात ती, त्यांतल्या कित्येकांना पाण्याखालच्या भागात फळ्याच नाहीत. बरगड्या मुद्दाम उघड्या ठेवलेल्या. एकास अठ्ठेचाळीस प्रमाणात इतकं नाजूक काम की माणूस काचेला नाक लावून उभा राहतो. आज त्यांतली बरीच ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयाकडे आहेत आणि कुणी म्हणत नाही, 'अरेरे, फळ्या राहिल्याच की.' तेव्हा ज्यांची जहाजं बरगड्यांवरच थांबली आहेत, त्यांनी जहाजांवर झाकलेला टॉवेल काढून ती खुशाल दर्शनी ठेवावीत. कुणी विचारलंच तर चेहरा काकांसारखा ठेवावा.

"वेळ मिळत नाही हो" म्हणणाऱ्यांना धीर देणं मात्र मला जमत नाही. नेपोलियनच्या युद्धांत ब्रिटनमध्ये अडकलेल्या फ्रेंच कैद्यांनी जेवणातल्या उरलेल्या हाडांची जहाजं केली. तोफा, दोर, नाळेवरची पुतळी, सगळं काही त्यांत आहे. पण हे उदाहरण देता देता जीभ अडखळते. त्यांच्याकडे वेळ होता, कारण दुसरं काहीच नव्हतं. काहींची तर उमेदीची कितीतरी वर्षं त्यात गेली. असा वेळ आपल्याला न मिळालेलाच बरा.

दोरांपर्यंत जे पोहोचतात त्यांना उत्तेजन लागत नाही, आवरावं लागतं. ब्रिटिश आरमारप्रमुख नेल्सनच्या 'व्हिक्टरी' या युद्धनौकेवर सुमारे ४२ किलोमीटर दोर होता. चौसष्टपट लहान केला तरी साडेसहाशे मीटर दोरा झाला! डोलकाठीच्या ताणदोरांवर चढायच्या पायऱ्या एकेक गाठ मारून बांधायच्या आणि दोन पायऱ्यांत अंतर जेमतेम सहा मिलिमीटर. दोऱ्याला आधी मेण लावायचं, नाहीतर त्याची कुसळं उभी राहतात आणि जहाजाला दाढी आल्यासारखं दिसतं. या गाठी मारताना डोक्यात दुसरं काही येत नाही. ध्यानधारणेचं मला काही सांगू नका, हे पुरेसं आहे.

राहिली शिडं. मी लावत नाही. साधं पातळ सुती कापड घेतलं तरी त्याची जाडी दोन दशांश मिलिमीटर. चौसष्टने गुणलं की तेरा मिलिमीटर, म्हणजे बोटाएवढं जाड शीड! असलं शीड कुठल्या वाऱ्याने फुगायचं? शिवाय इतके कष्ट करून बांधलेले दोर त्यामागे झाकले जातात ते वेगळंच. शिडांशिवाय जहाज म्हणजे पानं झडलेलं झाड, असं म्हणणारेही पुष्कळ आहेत. दोन्ही पक्ष यावर तासन्‌तास भांडू शकतात आणि लेकाचे दोघेही कामं सुरेख करतात. आता काय बोलणार!