आमची वाटचाल: एका ऑपरेशनला खरा खर्च किती येतो?

परळच्या एका जुन्या इमारतीत २०१३ साली आमचं ऑफिस सुरू झालं. मी अर्थशास्त्राची, जोडीला एक कॉस्ट अकाउंटंट आणि एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्याची पदवी) झालेली एक मैत्रीण. कोणत्या उपचाराला हॉस्पिटलचा प्रत्यक्षात किती खर्च होतो ते काढून द्यायचं, एवढंच काम आम्ही घेतलं. आजही तेच करतो.

त्याआधी मुंबई विद्यापीठात, कलिन्याला एम.ए. करून मी बरीच वर्षं आरोग्य धोरणावरच्या संशोधनात घालवली. या विषयाचा पाया म्हणून केनेथ अ‍ॅरो यांचा १९६३ चा निबंध शिकवतात. आजारपण कधी येईल ते माहीत नसतं, काय उपचार लागतील ते पेशंटपेक्षा डॉक्टरला जास्त कळतं, त्यामुळे इथे बाजारावर सगळं सोडून चालत नाही, असं त्यात मांडलं आहे. वर्गात हे पटलं होतं. पण टाटा हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर गावाहून आलेल्या कुटुंबांशी बोलायला लागले तेव्हा त्याची धग जाणवली. उपचार कमी पैशांत झाले तरी राहणं, खाणं, गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी यांतच घर रिकामं होत होतं. हा खर्च कुठल्याच बिलावर येत नाही.

जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना मुंबईसह आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१३ च्या अखेरीस राज्यभर पोहोचली. पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डावर कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार कॅशलेस, आणि प्रत्येक ऑपरेशनला ठरलेलं पॅकेज, म्हणजे हॉस्पिटलला मिळणारा एकच ठरावीक दर. फार मोठं पाऊल होतं ते. पण आम्ही ज्या ट्रस्ट हॉस्पिटलांत जात होतो तिथे एकच सूर असायचा: 'या दरात परवडत नाही.' मग किती आला तर परवडेल, असं विचारलं की उत्तर नसायचं. कारण ऑपरेशनवार हिशेब कोणी ठेवलेलाच नव्हता. दर कमी पडला की हॉस्पिटल योजनेतून अंग काढून घेतं, नाहीतर बाहेरून औषधं आणायला सांगतं. दोन्हीकडून मरण पेशंटचं. म्हणून या हिशेबाच्या मागे लागायचं ठरवलं.

पहिलं काम उपनगरातल्या एका छोट्या ट्रस्ट हॉस्पिटलचं मिळालं, हर्नियाच्या ऑपरेशनचं. जाळी, टाके, ग्लोव्ह्ज, पाठीतून भूल द्यायची स्पायनलची सुई यांची यादी स्टोअरमधून सहज निघते. वेळ लागतो तो बाकीच्याला. लाँड्रीचा खर्च कपड्यांच्या किलोवर वाटायचा, सफाईचा चौरस फुटांवर, जेवणाचा ताटांवर. अवजारं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हची वीज, जैववैद्यकीय कचऱ्याचे पैसे, लिफ्टचा देखभाल करार, सगळं वॉर्डावर आणि ओटीवर (ऑपरेशन थिएटरवर) उतरवत न्यायचं. मग सर्जन, भूलतज्ज्ञ, सिस्टर, मावशी यांचा पगार मिनिटांत मोडायचा. ही मिनिटं आम्ही ओटी रजिस्टरमधून घेत होतो. ओटीच्या इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, 'मॅडम, यात चीर दिल्यापासून टाके घालेपर्यंतची वेळ असते. टेबल त्याच्या आधीही अडकतं आणि नंतरही. भूल, पोझिशन, साफसफाई कोण मोजणार?' तेव्हापासून पेशंट दारातून आत आल्यापासून पुढच्या केससाठी टेबल तयार होईपर्यंतचा वेळ धरायचा, हा आमचा नियम झाला. सिस्टर आणि मावशी यांच्याशी बोलल्याशिवाय आम्ही कुठलाही आकडा पुढे पाठवत नाही.

त्या हॉस्पिटलात खर्च जास्त येत होता तो रिकाम्या खाटांमुळे. पगार आणि वीज चालूच, केसेस मात्र विखुरलेल्या. ट्रस्टींनी ऑपरेशनचे वार बांधून घेतले आणि योजनेच्या केसेस बंद न करता वाढवल्या. आमच्या कामाचं याहून मोठं बक्षीस मला माहीत नाही.

धर्मादाय हॉस्पिटलांचं काम यातूनच आलं. २००६ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या योजनेनुसार त्यांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात, शिवाय बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची असते. या रुग्णांच्या बिलात औषधं आणि इम्प्लांट (शरीरात बसवायच्या वस्तू) खरेदीच्या किमतीलाच धरायचे. खरेदीच्या नोंदी नीट असतील तर त्याच निधीत जास्त माणसं बसतात.

मे २०२० मध्ये सरकारने खासगी हॉस्पिटलांच्या कोविड खाटांचे दर बांधले: साध्या वॉर्डला दिवसाला ४,०००, आयसीयूला ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. ते बांधायलाच हवे होते. तेव्हा छोट्या नर्सिंग होमना आम्ही फोनवरून, फी न घेता, हिशेब करून दिले.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार, म्हणजे देशाच्या आरोग्य खर्चाच्या सरकारी हिशेबानुसार, २०१३-१४ मध्ये देशातल्या एकूण आरोग्य खर्चापैकी सुमारे ६४ टक्के लोकांच्या खिशातून जात होते. २०२१-२२ मध्ये ते ३९ टक्क्यांवर आले. सरकारी योजनांमधलं विमा संरक्षणही पाच लाखांवर गेलं. मला याचा मनापासून आनंद आहे. तरीही माझं मत असं की पाच लाखांपेक्षा महिन्याच्या गोळ्यांचा प्रश्न आता मोठा आहे. या योजना मुख्यतः दाखल झालेल्या पेशंटसाठी आहेत. शुगर-बीपीच्या गोळ्या, तपासण्या आणि डॉक्टरची फी यांचा खर्च दर महिन्याला घरातूनच होतो, आणि पैसे संपले की गोळी बंद होते. मुंबईत महापालिकेने २०२२ पासून उघडलेले 'आपला दवाखाना' हे वस्तीतले मोफत दवाखाने त्यासाठीच मला फार महत्त्वाचे वाटतात.

म्हणून सध्या आम्ही ऑपरेशन थिएटरमधून बाहेर पडून ओपीडीत बसलो आहोत. शुगरच्या एका पेशंटला वर्षभर व्यवस्थित सांभाळायला दवाखान्याला किती खर्च येतो, आणि तोच पेशंट पाय चिघळल्यावर दाखल झाला तर किती, हे दोन्ही आकडे आम्ही शेजारी शेजारी मांडतो आहोत. तक्ता पूर्ण झाला की ज्या ट्रस्टना हवा असेल त्यांना आमच्या ऑफिसातून विनामूल्य मिळेल.