निळा खरा, पण कोणता?

दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात, कोलंबिया-एक्वाडोर फिरून आलेल्यांचा ठरलेला प्रश्न असतो: "चिमणीएवढा निळाजर्द पक्षी आहे, डोळ्यापाशी काळा. ब्लू-अँड-ब्लॅक टॅनेजरच ना?"

(टॅनेजर म्हणजे अमेरिकेतल्या लहान, रंगीत पक्ष्यांचं एक कुळ.) आधी डोळा बघा. लाल असेल तर विषय संपला, तो मास्क्ड फ्लॉवरपिअर्सर, फुलाला भोक पाडून मध पिणारा. त्याची वरची चोच टोकाशी आकडीसारखी वळलेली असते आणि काळा मुखवटा कपाळ, गाल, गळा व्यापतो. टॅनेजरचा डोळा गडद, चोच आखूड आणि सरळ; काळं असतं ते फक्त डोळा आणि चोच यांच्यामध्ये. मग पंख बघा: काळे, खांद्यापाशी निळा पट्टा. शेपटीही काळी. गोंधळ होतो तो हे दोघे एकाच थव्यात हिंडतात आणि एकाच झाडाची फळं खातात म्हणून. फ्लॉवरपिअर्सरही टॅनेजरच्याच कुळातला, म्हणजे चूक तशी घरातल्या घरातच होते!

दुसरी चूक प्रकाशामुळे. या निळ्याला रंगद्रव्य नसतं. पिसांच्या सूक्ष्म रचनेतून प्रकाश विखुरतो म्हणून ते निळं दिसतं. मागे पांढरं धुकं असलं की अख्खा पक्षी काळा ठिक्कर दिसतो, फोटोत तर हमखास. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर एखादा स्टॉप वाढवा, म्हणजे प्रकाश दुप्पट घ्या, निदान डोळ्याचा रंग तरी कळेल. काळसर पक्षी सारखी शेपटी हलवत असेल तर तो कॅप्ड कोनबिल हा तिसराच पक्षी असण्याची शक्यता जास्त.

उंची लिहून ठेवायला मात्र कुणी तयार नसतं, आणि तोच मोठा पुरावा. ब्लू-अँड-ब्लॅक टॅनेजर ज्या टँगारा प्रजातीत (genus) मोडतो, तिच्यातले बरेच पक्षी खालच्या जंगलात राहतात. हा त्यांच्यात सगळ्यात वर जाणारा, साधारण 2000 ते 3400 मीटर. 1500 मीटरवर निळा पक्षी दिसला तर आधी दुसरी नावं तपासा. मध्य पेरूपासून बोलिव्हियापर्यंत आणखी एक फसगत होते: या टॅनेजरच्या तिथल्या उपजातीच्या मानेवर फिकट गवती रंगाचा डाग आणि पोटाकडे काळे ठिपके असतात. उत्तरेतले फोटो पाहून गेलेल्यांना ती वेगळीच जात वाटते.

बघायचा कसा? जंगलात शिरून मान मोडून घेऊ नका. घाटरस्त्याच्या वळणावर उभे राहा. खालच्या उतारावरच्या झाडांचे शेंडे तिथे नजरेसमोर येतात. पेरूत अँडीजवरून मनू राष्ट्रीय उद्यानाकडे उतरणारा मनू रस्ता, वायकेचा या संशोधन केंद्राच्या आसपास, यासाठी उत्तम. सकाळ साधा, पुढे ढग चढतात. मिकोनियाची बारीक फळं लगडलेली झाडं हेरून ठेवा. हे आपल्या सह्याद्रीतल्या अंजनीच्याच कुळातलं झाड. पानावरच्या लांब, समांतर शिरांवरून ओळखू येतं. थवा आला की काही मिनिटांत पुढे सरकतो. शेवाळलेल्या फांदीवर उड्या मारत, दोन्ही बाजूंना वाकून किडे शोधणारा लहान पक्षी दिसला की आधी दुर्बीण लावा, कॅमेरा नंतर. त्या घाईत 10 पटींपेक्षा 8 पटींची दुर्बीण बरी. तिच्यात पक्षी लवकर सापडतो.

आणि एक्वाडोरच्या राजधानीत, कीटोला उतरलात की पहिला दिवस मोकळा ठेवा. शहरच 2850 मीटरवर आहे. डोकं ठणकत असताना डोळ्याचा रंग कोण बघणार?