तीन मोठ्या खाचा, एक बारीक

जुलैतली सकाळ, साडेआठ वाजलेले. हवामान खातं चोवीस तासांचा पाऊस याच वेळेला मोजतं, म्हणून त्र्यंबक तालुक्यातल्या या शाळेनेही तीच वेळ धरली आहे. सातवीतल्या तिघांनी पर्जन्यमापकाच्या पारदर्शक नळीवरची पट्टी बघून सांगितलं, "34 मिलिमीटर." त्याच वर्गातली पूर्ण अंध मुलगी झाकणावर बोट टेकवून होती. ती म्हणाली, "मॅडम, 31. दोनदा मोजलं."

मी या शाळेत विशेष शिक्षिका म्हणून जाते. पहिला संशय मला तिच्या काडीचाच आला. त्याला कारण होतं, पण आधी ते साधन कसं आहे ते सांगते.

विषय पाण्याचा शाश्वत वापर. या तालुक्यात पावसाळ्यात धो धो कोसळतं आणि उन्हाळ्यात वाड्यांवर टँकर लागतो, कारण काळ्या कातळावरून पाणी वाहून जातं. त्यामुळे छतावरचं पाणी मोजणं हा इथे खरा धडा आहे. शेजारच्याने आकडा सांगायचा आणि अंध मुलीने तो उतरवायचा, याला मी सहभाग म्हणत नाही. मोजमाप तिच्या हाताने व्हायला हवं.

सुरुवात दुतोंड्या मारुतीपासून केली. गोदावरीला किती पूर आलाय, हे नाशिककर त्या मारुतीच्या कुठवर पाणी चढलं त्यावरून सांगतात. घमेल्यात शाडूचा मारुती बसवला, तांब्याने पाणी ओतत गेलो, आणि ती बोटाने चाचपत सांगत गेली: गुडघे, कंबर, छाती.

मग पर्जन्यमापक. नरसाळ्याचं तोंड 10 सेंटिमीटर, नळीचा आतला व्यास 5 सेंटिमीटर, उंची 30. व्यास दुप्पट म्हणजे क्षेत्रफळ चौपट, म्हणून 1 मिलिमीटर पाऊस नळीत 4 मिलिमीटर चढतो. ब्रेलचे ठिपके साधारण अडीच मिलिमीटर अंतरावर असतात. ते वाचणाऱ्या बोटाला 4 मिलिमीटरवरच्या खाचा सहज कळतात. (शीतपेयाची बाटली वापरू नका. तिचा तळ फुगीर असतो, कडेला वळ्या असतात, हिशेब जुळत नाही.)

तरंगायला जुन्या स्लिपरच्या तळव्याची 4 सेंटिमीटरची चकती, दोन थर चिकटवून. मध्ये बांबूची कामटी उभी (हीच ती काडी), तिच्यावर दर 4 मिलिमीटरला खाच, खाली वजनाला एक नट, नाहीतर चकती कलंडते. नळीत आधी 100 मिलिलिटर पाणी ओतायचं, म्हणजे कोरड्या दिवशीही चकती तरंगत राहते. मोजताना नरसाळं काढायचं, चकती सोडायची, भोक पाडलेलं झाकण कामटीवरून बसवायचं. पाऊस शून्य असेल तर कामटीचं टोक झाकणाशी सपाट असतं. पाणी चढेल तशी ती वर येते. टोकापासून झाकणापर्यंतच्या खाचा मोजल्या की झालं. दर दहावी खाच खोल. आधी तिथे दोरा गुंडाळला होता, तो भोकात अडकायचा आणि आकडा कमी यायचा. झाकणावर दोनदा टिचकी मारायची, म्हणजे कामटी मोकळी होते.

आता संशयाचं कारण. कामटी पाणी पिते, जड होते, चकती बुडते आणि पाऊस कमी दिसतो. म्हणून तिला मेण लावलेलं होतं. ते निघालं असेल असं मला वाटलं.

सगळं पाणी मोजपात्रात ओतलं: 343 मिलिलिटर. आधीचे 100 वजा केले, उरले 243. नरसाळ्याचं तोंड 78.5 चौरस सेंटिमीटर. भागाकार 3.1 सेंटिमीटर. म्हणजे 31.

चूक पट्टी वाचणाऱ्यांची होती. मुलं उभ्यानेच खाली बघत होती. नळीच्या पुढच्या बाजूला थेंब चिकटलेले, त्यामुळे पाण्याची मागची कड त्यांनी पुढच्या पट्टीवर वाचली. नजर थोडी तिरकी झाली तरी 5 सेंटिमीटरच्या नळीत पातळी बारा-तेरा मिलिमीटर वर दिसते. चाराने भागा, 3 मिलिमीटर पाऊस जास्त.

तीन मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर म्हणजे 1 लिटर. शाळेचं पत्र्याचं छत 12 गुणिले 6, म्हणजे 72 चौरस मीटर. 31 ला 2,232 लिटर, 34 ला 2,448. फरक 216 लिटरचा, एका पिंपाहून जास्त. हा हिशेब तिनेच तोंडी केला आणि फळ्याजवळच्या मुलाला लिहायला सांगितला.

नोंदीत वेगळीच अडचण होती. तक्ता पीडीएफमध्ये आलेला, युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधला. पडद्यावर मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, आणि टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी फोनमधली सोय, तीच वाचतो. तक्ता मी युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केला, प्रत्येक रकान्याला नाव दिलं, जोडलेले चौकोन सुटे केले, कारण त्यांनी वाचनाचा क्रम बिघडतो. त्या दिवशीचा आकडा तिने स्वतः भरला.

आता पट्टीवाले गुडघ्यावर बसून, डोळे पाण्याच्या पातळीला आणून वाचतात. दोन्ही आकडे आधी वेगवेगळ्या कागदांवर लिहून होतात, मगच बोलायचं. एक काम बाकी आहे: ही नळी 62 मिलिमीटरला भरते आणि इथे एका रात्रीत त्याहून जास्त पडतो. तिच्याबाहेर एक डबा बसवायचाय. त्यात सांडलेलं पाणी मोजपात्राने मोजायचं, 78.5 मिलिलिटरला 10 मिलिमीटर धरून.