सोलोव्हेत्स्की बेटांवरील बंद झालेला मठ

रशियाच्या उत्तरेकडील श्वेत समुद्रातील सोलोव्हेत्स्की बेटांवर पंधराव्या शतकापासून नांदत असलेला ऑर्थोडॉक्स मठ सोव्हिएत सत्तेने १९२० मध्ये बंद केला आणि १९२३ मध्ये त्याच तटबंदीच्या आत कैद्यांची छावणी उघडली. इतर ठिकाणी बंद पडलेल्या चर्चची गोदामे झाली. इथे मात्र जिथे प्रार्थना होत असे, तिथेच कैद्यांच्या झोपण्याच्या फळ्या लागल्या. आर्चबिशप इलारिओन यांच्यासारखे धर्मगुरू कैदी होऊन याच मठात आले, हा त्यातला सर्वांत क्रूर भाग मला वाटतो. अर्थात, झारच्या काळातही या मठात तुरुंग होताच, ही गोष्ट आजचे श्रद्धाळू भाविक सहसा काढत नाहीत.

जायचे असेल तर जून ते ऑगस्ट हाच काळ निवडावा. मुर्मान्स्ककडे जाणाऱ्या रेल्वेने केम स्थानकावर उतरून राबोचेओस्त्रोव्स्कच्या धक्क्यावर जावे. तेथून बोटीने सुमारे दोन तास लागतात. कैद्यांनाही याच किनाऱ्यावरून बेटावर नेत असत. समुद्र खवळला की फेरी रद्द होते, म्हणून परतीच्या रेल्वेच्या आधी एक दिवस मोकळा ठेवावा. भारतीय बँकांची व्हिसा किंवा मास्टरकार्ड कार्डे रशियात चालत नसल्याने पुरेशी रोकड जवळ बाळगावी.

मठ पाहून झाल्यावर सेकिर्नाया टेकडी चुकवू नये. एकोणिसाव्या शतकातील तिथल्या चर्चच्या माथ्यावर दीपगृह आहे, आणि छावणीच्या काळात हेच चर्च शिक्षा-कोठडी होते. दिवसचे दिवस अरुंद दांडक्यावर हालचाल न करता बसवून ठेवण्याची शिक्षा येथे दिली जात असे. गावातून भाड्याने सायकल घेऊन जाता येते, परंतु रस्ता जंगलातला आणि खाचखळग्यांचा आहे. डासांचे मलम आणि पावसाळी कोट दोन्ही लागतात.

छावणीचे पुढे तुरुंगात रूपांतर झाले आणि तो १९३९ मध्ये बंद झाला. १९९० मध्ये मठ पुन्हा सुरू झाला. त्यामुळे आज येथे संग्रहालय आणि नांदता मठ शेजारी शेजारी आहेत. स्त्रियांनी डोके झाकावे, पुरुषांनी आखूड चड्डी टाळावी आणि प्रार्थना चालू असताना छायाचित्रे काढू नयेत. जुनी पाचशे रुबलची नोट हाती आली तर जरूर निरखावी : तिच्यावरील मठाला घुमटांऐवजी छावणीच्या काळातील टोकदार छपरे आहेत, आणि नंतरच्या नोटांवर घुमट परत आले आहेत.