सोफा चार फूट पुढे

"मागे सरक, डोळे जातील!" आमच्या लहानपणी हे वाक्य संध्याकाळच्या शुभंकरोतीपेक्षा जास्त नेमाने कानावर पडायचं. डोळ्यांचं काय व्हायचं ते होवो, पण जवळ बसून दिसायचं तरी काय? त्या टीव्हीच्या पेटीच्या चित्रात जेमतेम 576 आडव्या रेषा. काचेला नाक लावलं की निवेदिका गायब आणि लाल, हिरवे, निळे ठिपके हजर. चित्र जुळायचं ते मागे सरकल्यावरच.

गेल्या दिवाळीत 55 इंची फोर-के टीव्ही घेतला. लेकीने सगळ्यांना ऐकवलं: 3840 गुणिले 2160, म्हणजे 83 लाख ठिपके, फुल एचडीच्या चौपट! मी दहा फुटांवरच्या सोफ्यावर बसून बराच वेळ ते चौपट शोधत होतो. सापडेना. पैसे पाण्यात गेले असं म्हणायचं धाडसही होईना.

मग टेप काढली. सर्वसाधारण नजरेला, डोळ्याशी एका अंशाच्या साठाव्या भागाहून लहान कोन करणारा तपशील सहसा वेगळा काढता येत नाही. त्या हिशेबाने 55 इंची पडद्यावर, साधारण सात फुटांच्या पलीकडून फुल एचडीचेच ठिपके एकमेकांत मिसळतात. फोर-केची मजा हवी तर त्याच्या अलीकडे यायला हवं. म्हणजे दुकानदाराने टीव्ही विकला, पण सोफा सरकवायला सांगितलं नाही.

सोफा सहा फुटांवर आणला. त्या रात्री जंगलावरचा एक माहितीपट लावला. वाघाची एकेक मिशी सुटी दिसली, मिशीच्या टोकाला पाण्याचा थेंब. आईने मात्र परीक्षा घेतली ती तिच्या मालिकेची. ती काही फोर-के नव्हे, साधी एचडी. पण दहा फुटांवरून आजवर तीही पुरती दिसली नव्हती. "अरे, हिची चंद्रकोर चिकटवलेली आहे! एक टोक सुटलंय बघ." पुढचे तीन भाग तिने कथानक सोडून फक्त कपाळं पाहिली.

सगळंच खुललं असं नाही. आमच्या लग्नाची कॅसेट पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलीय. ती लावली तर वऱ्हाड साबणाच्या वड्यांसारखं गुळगुळीत. टेपवर जे उमटलंच नाही, ते टीव्ही अंदाजाने भरतो. त्या अंदाजात मामांच्या मिशा गेल्या. उलट 35 मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित झालेला, नीट जपून नव्याने स्कॅन केलेला एखादा कृष्णधवल सिनेमा लावा. भिंतीचे पोपडेसुद्धा मोजता येतात. तपशील निगेटिव्हमध्ये होताच, पडदा आत्ता आला.

दिवाणखान्याचा रस्ता मात्र अडलाय. पाहुणे आडवे होऊन आत येतात. मी एकदा सोफा मागे न्यायचा विषय काढला. पण सोफ्यामागच्या चार फुटांत आईने कपडे वाळत घालायचा स्टँड कधीच मांडलाय.