पान ४१

दुपारी कपाटाचा वरचा कप्पा आवरायला काढला आणि नेतृत्वावरची सात पुस्तकं निघाली. सात! माझ्या हाताखाली माणसं चार.

एकेक चाळत बसलो. पहिल्या प्रकरणात पट्टी लावून मारलेल्या सरळ रेघा, समासात 'महत्त्वाचं' आणि पुढे दोन उद्गारचिन्हं. मग रेघा वाकड्या होत जातात, आणि तिसऱ्या प्रकरणाच्या आसपास कागद एकदम कोरा करकरीत. एका पुस्तकात पान ४१ वर पेन्सिलीचा तुकडासुद्धा तसाच अडकलेला होता.

शाळेत मी काही दिवस मॉनिटर होतो. सर बाहेर गेले की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची. मी 'गप्प बसा' म्हणून ओरडायचो आणि वर्गात सगळ्यांत मोठा आवाज माझाच असायचा. एकदा घसा पार बसला. फळ्यासमोर उभा राहून काहीतरी पुटपुटलो. हा काय बोलतोय ते ऐकायला पुढच्या बाकावरची मुलं वाकली, त्यांचं बघून मागची वाकली, आणि अख्खा वर्ग चिडीचूप! मोठं गुपित हाती लागल्यासारखा घरी गेलो. दुसऱ्या दिवशी घसा सुटला होता, तरी मुद्दाम हळूच बोललो. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

आदल्या संध्याकाळी कुणी विचारलं असतं, तर मी या विषयावर बारा प्रकरणांचं पुस्तक खुशाल लिहून दिलं असतं.

थट्टा सोपी आहे, कबूल. चांगल्या कंपन्या थोर कशा होतात यावरचं जिम कॉलिन्स या अमेरिकी लेखकाचं 'गुड टु ग्रेट' २००१ साली आलं, ते काही एका दिवसाच्या अनुभवावर लिहिलेलं नव्हतं. १,४३५ कंपन्या चाळून त्यातल्या थोर ठरलेल्या ११ निवडल्या, तुलनेला मागे राहिलेल्याही घेतल्या. तरी २००८ साली त्या अकरांतली सर्किट सिटी ही इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांची अमेरिकी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि फॅनी मे ही गृहकर्जांच्या व्यवहारातली कंपनी तिथल्या सरकारला ताब्यात घ्यावी लागली. धंदा तेजीत असला की साहेबाचा हट्ट म्हणजे 'निर्धार', धंदा बसला की तोच 'हेकेखोरपणा'. साहेब तोच, हट्टही तोच. निकाल आधी माहीत असला की गुण शोधायला कितीसा वेळ लागतो?

पण एक गोष्ट मात्र मी या पुस्तकांतूनच उचलली. बैठकीत आपलं मत सगळ्यांत शेवटी सांगायचं. कुठल्या पुस्तकातून, ते आज शोधूनही सापडलं नाही. त्या वाक्याखाली रेघ नसणार. पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा जीभ अक्षरशः दाताखाली धरून बसलो होतो. बराच वेळ कुणीच बोलेना. मग आमच्यातल्या सगळ्यांत अबोल मुलीने हळूच सांगितलं, की ठरलेली तारीख काही झालं तरी गाठता येणार नाही, आणि हे बाकीच्या तिघांनाही महिनाभर माहीत आहे. मला सोडून. आधी मी बोललो असतो, तर सगळ्यांनी मान डोलावली असती.

सात पुस्तकांतून एक सवय. तीही दर बैठकीत टिकते असं नाही.

सहा पुस्तकं रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवली. सातवं, पेन्सिलवालं, उगाच उघडलं. पान ४२ वरचं पहिलंच वाक्य बरं निघालं. पेन्सिलीला टोक नव्हतं, म्हणून नखानेच रेघ ओढली.