सा, रे, ग आणि हरवलेला म

थंड, पण दरमहा हवा (३).

'पगार' हे उत्तर मी पाच सेकंदांत लिहिलं आणि त्याच उत्तराने पुढचे चार दिवस मला फिरवलं. थंड म्हणजे गार, ठीक. मग 'प' कुठून आला? क्लूमध्ये 'पण' आहे, त्यातला पहिला उचलला, झालं. डोंबिवलीच्या आमच्या रविवारच्या शब्दकोडी-बैठकीत याला 'उत्तर बरोबर, फोड चूक' म्हणतात आणि त्याला भोपळा मिळतो.

गूढ शब्दकोड्याची ज्यांना सवय नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की प्रत्येक क्लूच्या एका टोकाला सरळ अर्थ असतो आणि उरलेल्या शब्दांत त्याच उत्तराची फोड दडवलेली असते. दोन्ही जुळली पाहिजेत, आणि वर एकही शब्द उरता कामा नये. उदाहरणार्थ, 'धडपडत सरकत घाम काढते (४)'. 'धडपडत' हा इशारा, म्हणजे पुढची अक्षरं उलथीपालथी करा. स-र-क-त ची झाली क-स-र-त. घाम काढते ती कसरत. कंसातला आकडा अक्षरांचा, आणि वेलांटी-काना-मात्रेसकट एका घरात एक अक्षर.

मी मूळचा रविवारच्या पुरवणीतला माणूस. 'कमळ, समानार्थी' म्हटलं की 'पंकज' लिहायचं आणि चहा गार व्हायच्या आत पान उलटायचं. दोन वर्षांपूर्वी आमच्याच बिल्डिंगमधल्या एका काकांनी लिफ्टमध्ये विचारलं, "असली कोडी सोडवता, की नुसती भरता?" आधी अपमान वाटला, पुढच्या रविवारी त्यांच्याकडे गेलो.

काका बँकेतून निवृत्त झालेले. बदलीवर मद्रासला होते तेव्हा 'द हिंदू'च्या कोड्याचा नाद लागला. ते कोडं १९७१ मध्ये सुरू झालं. मुलगी इंग्लंडात, ती शनिवारच्या 'टाइम्स'मधलं लिसनर कोडं कापून पाठवते. लिसनर म्हणजे या प्रकारातला एव्हरेस्ट. बीबीसीच्या 'द लिसनर' साप्ताहिकात १९३० मध्ये आलं, १९९१ मध्ये साप्ताहिक बंद पडलं, कोडं मात्र 'टाइम्स'मध्ये जाऊन जगलं. तिथे नुसते शब्द भरून भागत नाही. वर एक प्रस्तावना असते, ती सांगते की क्लूंमध्ये काहीतरी गडबड केलेली आहे. ती गडबड गोळा करायची, त्यातून थीम ओळखायची, आणि मग भरलेल्या चौकटीत आणखी काहीतरी करायचं. काकांनी तोच खेळ मराठीत आणलाय. महिन्यातून एकदा ग्राफपेपरवर हाताने आखलेलं कोडं, पाच झेरॉक्स, आठवडाभराची मुदत.

मराठीत हे जास्त अवघड आहे असं माझं प्रामाणिक मत. इंग्रजीत आडव्या शब्दातला एक सुटा 'ए' उभ्या शब्दात सहज बसतो. आपल्याकडे 'का' ला 'का'च लागतो, 'कि' असेल तर कोडं रचणारा मेला. आमच्यातल्या बाई, म्हणजे शाळेत पस्तीस वर्षं मराठी शिकवलेल्या, ऱ्हस्व-दीर्घाची सूट मागणाऱ्याकडे अशा बघतात की माणूस स्वतःहून ओणवा व्हावा.

सुरुवातीला मी एकदा म्हटलं होतं, की थीमबीम हा सगळा रचणाऱ्याचा दिखावा आहे. काकांनी वाद घातला नाही, एक गोष्ट सांगितली. 'गार्डियन'मध्ये अरॉकेरिया या टोपणनावाने कोडी रचणारे एक पाद्री होते, जॉन ग्रॅहम. जानेवारी २०१३ मध्ये, ९१ व्या वर्षी, त्यांनी कोड्याच्या माथ्यावर लिहिलं की अरॉकेरियाला १९ चा १८ उभा झालाय. लोकांनी घरं भरत नेली तेव्हा १८ उभा निघाला कॅन्सर आणि १९ निघालं अन्ननलिका. आपला आजार त्यांनी वाचकांना असा कळवला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते गेले. त्यानंतर मी 'दिखावा' हा शब्द वापरलेला नाही.

तर पगाराचं कोडं. शीर्षक होतं 'सकाळची पाळी'. खाली प्रस्तावना: 'काही क्लूंमधली फोड उत्तरापेक्षा एका अक्षराने तोकडी आहे. तुटलेली अक्षरं गोळा करून नीट लावा. मधल्या ओळीतल्या चार घरांना क्लू नाही. तिथे काय बसतं ते मग कळेल.'

प्रस्तावना वाचूनसुद्धा मी पगाराच्या 'प' ला 'पण'मधून ओढून आणलं, यावरून माझी पातळी कळावी. बुधवारी 'पिराची उन्हातली सोबत (३)' सुटला. उत्तर सावली. पीर म्हणजे वली, 'सा' गायब. मग 'दारू चटका देणारी (३)': रम, म्हणजे गरम, 'ग' गायब. तेव्हा डोक्यात दिवा लागला. सा, ग, आणि तो पगाराचा अनाथ प! पेपराच्या कडेला सात सूर ओळीने लिहून काढले आणि एकेकावर खूण करत सुटलो. 'आळूची उडवली तर बदनामी (३)' मधली नुसती वडी, म्हणून रेवडी, म्हणून रे. 'सामान पाहून मजा (३)' मधला नुसता माल, म्हणून धमाल, म्हणून ध. 'नि आदल्या दिवशीच लागतो (३)': आदला दिवस म्हणजे काल, लागतो तो निकाल, नि गायब. सहा झाले. राहिला म.

आता मला फक्त म हवा होता आणि तो कुठेही नव्हता. बुधवार रात्र ते शनिवार रात्र मी प्रत्येक क्लूवर संशय घेतला. 'इच्छेपुढे टोळी, घड्याळाची जागा (४)' हा सरळसोट मन अधिक गट, मनगट. पण म ने सुरू होतो ना! म्हणून 'नगट' नावाची टोळी शोधत मी मोल्सवर्थचा कोश चाळला. बायकोने विचारलं काय शोधतोयस, तर सांगायचीही लाज वाटली.

मधल्या चार घरांपैकी दोन उभ्या शब्दांनी भरली होती. 'अपेक्षेच्या पोटात प्रश्न, उत्तर डोक्यावर (३)', म्हणजे 'आश'च्या आत 'का', आकाश. त्याचा श दुसऱ्या घरात. मघाच्या कसरतीतला र चौथ्या घरात. कोरं घर, श, कोरं घर, र. आमच्यात आठवड्यात फोनवर फक्त 'किती झाले?' एवढंच विचारायची मुभा आहे, पण शनिवारी रात्री आमच्यातल्या तबलजीचा मेसेज आला: 'मधलं सुटलं. आपलं क्षेत्र आहे.' हा मुलगा दिवसा सॉफ्टवेअर करतो आणि संध्याकाळी गाणाऱ्यांना साथ करतो. त्याचं क्षेत्र, दुसरं अक्षर श, शेवटचं र. पेशकार! तबल्याच्या एकलवादनाची सुरुवात ज्याने करतात तो. सूर, तबला, सगळं जमलं. म गेला खड्ड्यात. मी शाईने लिहून टाकलं.

रविवारी आम्ही चौघांनीही पेशकार लिहून आणला होता. दोघांनी तबलजीवर भिस्त ठेवून, हे नंतर कळलं. काकांनी चहाचा घोट घेतला आणि फक्त म्हणाले, "फोड सांगा."

"सात सुरांपैकी सहा सापडले," मी म्हटलं, "म चुकून राहिला असेल तुमच्याकडून."

"माझ्याकडून," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात एवढा आनंद होता की मला तिथेच कळायला हवं होतं.

बाईंनी माझा कागद ओढून घेतला. लाल पेन त्यांच्या पर्समध्ये अजून असतं. "निकालात काय तुटलंय म्हणालात?"

"नि."

"नि आदल्या दिवशीच लागतो," त्यांनी मोठ्याने वाचलं. "हा काय, पहिलाच शब्द. नि. तुमच्या डोळ्यासमोर छापलाय."

मी तो 'आणि' या अर्थाने वाचला होता. चार दिवस. नि अधिक काल, पुरी फोड, काहीही तुटलेलं नाही. म्हणजे नि गेला. म तर नव्हताच. उरले सा, रे, ग, प, ध.

खोलीत क्षणभर शांतता. मग तबलजीने कपाळावर हात मारला. "म-नि वर्ज्य! अहो, हा भूप राग आहे!" आणि लगेच, स्वतःवरच चिडून, "पण भूपाची दोनच अक्षरं होतात."

"भूपाळी?" बाई म्हणाल्या. "शीर्षकात सकाळ आहे, पाळी आहे." त्यांनी बोटांवर मोजलं. तीनच.

तबलजी गुणगुणायला लागला होता. वर गेला, खाली आला, धैवतावर, म्हणजे ध वर, थांबला, पुन्हा थांबला. "भूप रात्रीचा," तो म्हणाला. "हेच पाच सूर सकाळी गायचे तर..." आणि त्याने माझ्याच पेनाने माझ्याच कागदावर 'पे' वर 'दे' गिरवला. देशकार.

मला रागातलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे पुढची दहा मिनिटं मी नुसता ऐकत होतो. स्वर तेच, पण भूपात गंधारावर, म्हणजे ग वर, जोर, देशकारात धैवतावर. तोच ऐवज, मालक वेगळा. काकांनी तेवढ्यासाठी 'धमाल' एक आडवा ठेवला होता, अगदी पहिल्या ओळीत. हे कुणाच्या लक्षात यावं अशी त्यांची अपेक्षा होती देव जाणे. पेशकारही चार घरांत बसेल हे त्यांना रचताना ठाऊक होतं का, असं विचारलं तर ते उठून खारी आणायला गेले.

बाईंचं म्हणणं पडलं की 'सकाळची पाळी' हे शीर्षक भूपाळीकडे ढकलतं, म्हणून अन्यायाचं. माझं मत उलट. घरं चार असताना भूपाळी आपोआप बाद होते. अन्याय असलाच तर त्या 'नि' चा, आणि तोही खरं तर अन्याय नाही, ती माझ्या डोळ्यांची सवय. असा वाद दीडपर्यंत चालला. जेवायला घरी गेलो तेव्हा वरण निवलं होतं.

या महिन्यात मी पहिल्यांदा स्वतः एक क्लू रचून नेला: 'पाचवा सूर चिडला, फुलात सापडला (३)'. प अधिक राग, पराग. घरी आरशासमोर म्हणून पाहिला होता. बाई म्हणाल्या, "चिडला हे क्रियापद आहे, राग हे नाम. चिडला म्हणजे राग नव्हे." मान्य. मी तिथल्या तिथे बदललं: 'पाचव्या सुराचा संताप फुलात (३)'. काकांनी वाचलं, 'चा' खाली पेन्सिलीने रेघ मारली आणि कागद परत दिला. या 'चा'ला फोडीत काम काय, असा त्याचा अर्थ.

त्यांच्या पिराला 'ची' चालते. माझ्या सुराला 'चा' चालत नाही. पुढच्या रविवारी हा मुद्दा मी काढणार आहे.